घसरायचे, पण मागे नाही!

पावसाळ्यात ओल्या शहाबादी फरशीवरून पाय घसरला की काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. घसरू नये म्हणून तर आपल्या चपलांच्या तळांना खाचा असतात. पण जगाच्या उत्तर टोकाकडे असा एक देश आहे, की जेथे अनेक मुले घसरण्याचाच अभ्यास करतात आणि तोही शाळेच्या वेळापत्रकात! तो देश म्हणजे नॉर्वे आणि तो खेळ म्हणजे क्रॉस-कंट्री स्कीइंग.

डोंगरउतारावरून भरधाव खाली येणारे स्कीपटू तुम्ही चित्रांत पाहिले असतील. क्रॉस-कंट्री हा त्याच घराण्यातील खेळ, पण स्वभावाने वेगळा. येथे उतार असतो, सपाटी असते आणि चढही असतो. सगळे अंतर स्वतःच्या हातापायांच्या बळावर कापायचे. पायांत सुमारे दोन मीटर लांब आणि साडेचार सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या, म्हणजे स्की, आणि हातांत दोन काठ्या. बूट फक्त पुढच्या टोकाला स्कीला जोडलेला असतो. टाच मोकळी राहते, म्हणून चालल्यासारखी पावले टाकता येतात.

आता अशी एक सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती ट्रॉनहाइम शहराजवळ राहते. हे शहर ६३ उत्तर अक्षांशाच्याही वर आहे. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम साडेचार तासांचा असतो. म्हणजे शाळेत जाताना अंधार आणि सरावाला निघतानाही अंधार! म्हणून गावोगावच्या जंगलवाटांवर दिवे लावलेले असतात. या भागातील मेरोकरसारख्या काही शाळांत गणित, भाषा यांच्या जोडीला खेळाचे प्रशिक्षण हाही अभ्यासाचा विषय असतो. पण म्हणून गणितात सूट मिळते, असे मात्र समजू नका. गुण १ ते ६ असे देतात आणि सहा मिळवायचे तर तेथेही रात्री वही उघडावीच लागते.

हिम पडते हिवाळ्यात, पण स्कीपटू घडतो उन्हाळ्यात. हिम नसताना ही मुले छोटी चाके लावलेल्या स्की घालून डांबरी रस्त्यावर सराव करतात. हातांत काठ्या घेऊन मूस हरिणासारख्या ढांगा टाकत टेकड्या चढतात. गंमत अशी, की यातील बहुतेक सराव सोबतच्या मैत्रिणीशी गप्पा मारता याव्यात इतक्या संथ गतीने करतात. धाप लागेपर्यंतचा कठीण सराव आठवड्यातून थोडाच. संथ सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागते आणि स्नायूंना प्राणवायू वापरण्याची सवय लागते. रोजच दमछाक केली, तर शरीराला ही दुरुस्ती करायला सवडच मिळत नाही.

नोव्हेंबर उजाडतो आणि पहिल्या शर्यतीचे वेध लागतात. येथे आपल्या मैत्रिणीपुढे भौतिकशास्त्रातील एक नामी प्रश्न उभा राहतो. पुढे जाताना स्की सहज घसरली पाहिजे. पण चढावर पायाने मागे रेटा दिला, की तीच स्की हिमाला घट्ट धरून राहिली पाहिजे. घर्षण नकोही आणि हवेही! हे कसे जमावे?

आधी हिमावरून स्की घसरते का, ते पाहू. हा प्रश्न वर्गात विचारला, की मुले चटकन सांगतात, "सर, दाबाने हिम वितळते!" चला, हिशोब करू. मुलीचे वस्तुमान ५५ किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे ५४० न्यूटन. दोन्ही स्कींचे मिळून क्षेत्रफळ ०.१७६ चौरस मीटर. भागाकार केला, की दाब येतो सुमारे ३,००० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम तेहतिसावा भाग. एक पूर्ण वातावरण दाब वाढवला, तरी बर्फाचा वितळणबिंदू फक्त ०.००७५ अंशाने उतरतो. मग तेहतिसाव्या भागाने काय होणार? स्की हिमकणांच्या टोकांवरच टेकते आणि खरे स्पर्शाचे क्षेत्रफळ हजारपट कमी असते, असे जरी धरले, तरी वितळणबिंदू सुमारे पाव अंशच खाली येईल. आणि मुले तर उणे दहा अंशांतही मजेत घसरतात! तेव्हा दाबाचे उत्तर पुरे पडत नाही.

१९३९ साली बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोखच्या उंच संशोधन केंद्रात प्रयोग करून दाखवले, की घर्षणातून निर्माण होणारी उष्णताच हिमकणांची टोके वितळवते. शिवाय बर्फाच्या अगदी वरच्या थरातील रेणू शून्याखालीही काहीसे सैल असतात. म्हणजे स्की आपले वंगण स्वतःच तयार करत जाते.

चांगल्या स्कीचा घर्षणांक ०.०३ च्या आसपास असू शकतो. तो ०.०४ झाला, तर काय बिघडले? पाच किलोमीटरच्या शर्यतीत घर्षणाचा विरोध ५.४ न्यूटनने वाढेल आणि जास्तीचे कार्य करावे लागेल २७,००० ज्यूल. एवढ्या ऊर्जेत त्या मुलीला सरळ ५० मीटर उंच उचलता येईल! म्हणजे सोळा-सतरा मजली इमारत जास्तीची चढून जाण्यासारखेच झाले. म्हणून तर स्कीच्या तळाला मेण लावण्याचे एवढे महत्त्व.

आता उरला चढ. स्की सरळ नसते, धनुष्यासारखी मध्ये उचललेली असते. दोन्ही पायांवर भार असताना मधला भाग हिमाला धड टेकत नाही. या मधल्या भागाला चिकट मेण लावतात आणि दोन्ही टोकांना गुळगुळीत. सारा भार एका पायावर टाकून रेटा दिला, की धनुष्य सपाट होते, हिमकणांची टोके चिकट मेणात रुततात आणि स्की क्षणभर थबकते. तेवढ्यात मुलगी पुढे झेपावते, भार दुसऱ्या पायावर जातो आणि धनुष्य पुन्हा उचलले जाते. आहे की नाही युक्ती?

पण हिम रोज सारखे नसते. कडाक्याच्या थंडीत हिमकण टणक आणि टोकदार असतात. त्यांना कठीण मेण लागते. शून्याजवळ ते मऊ आणि बोथट होतात. तेव्हा मऊ मेण हवे. म्हणून डब्यांना रंग दिलेले असतात. फार थंडीला हिरवा, मग निळा, जांभळा आणि शून्याजवळ लाल. मेण फार मऊ झाले, तर हिमाचे गोळे स्कीला चिकटतात. फार कठीण झाले, तर चढावर पाय मागे सरतो. तापमापी न पाहता डबी उचलणारा तेथे फसलाच!

शर्यतीच्या आदल्या रात्री आपल्या मैत्रिणीने हवामानाचा अंदाज पाहिला, निळी डबी काढून ठेवली आणि तिच्या लक्षात आले, की घसा दुखतो आहे. अंग थोडे गरम आहे. अशी वेळ दर हंगामात कोणावर तरी येतेच. सहा महिने चाकांवर घाम गाळला, तो याच शर्यतीसाठी. मग काय करावे?

विज्ञान काय सांगते, पाहा. जोरात स्की करताना मिनिटाला शंभर लिटर हवा छातीत जाऊ शकते. उणे पंधरा अंशांच्या हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. ती हवा ३७ अंशांपर्यंत तापवून ओलसर करायला श्वासमार्गाला मिनिटाला सुमारे ४ ग्रॅम पाणी द्यावे लागते. त्यातील थोडेच उच्छ्वासात परत मिळते. म्हणूनच स्कीपटूंमध्ये दम्याचा त्रास जास्त आढळतो आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तापमान उणे वीसच्या खाली गेले, तर शर्यत सुरू करत नाहीत. त्यात विषाणूचा ताप असताना जोराचे श्रम केले, तर क्वचित हृदयाच्या स्नायूंनाही सूज येण्याचा धोका असतो.

तिने डबी परत खणात ठेवली आणि सकाळी प्रशिक्षकांना कळवले. रडू आले, ते आले. पण दुपारी गणिताची वही उघडली. पुढच्या आठवड्यात ताप पूर्ण उतरल्यावर ती संथ सरावाला निघाली आणि त्यानंतरच्या शर्यतीत तीस-तीस सेकंदांच्या अंतराने सुटणाऱ्या मुलींच्या रांगेत उभी राहिली. त्या दिवशी पारा उणे एकवर होता. डबी जांभळी होती.

ट्रॉनहाइमच्याच योहानेस क्लेबो याने २०२५ साली आपल्या गावी भरलेल्या जागतिक स्पर्धेत सहाच्या सहा सुवर्णपदके जिंकली. त्याला घडवणाऱ्या प्रशिक्षकांत त्याचे आजोबाही होते. असे यश सर्वांनाच मिळत नाही. पण केव्हा जोर लावायचा आणि केव्हा थांबायचे, ही समज मात्र प्रत्येकाला मिळवता येते.

थांबण्याची समज मोठ्यांनाही शिकावी लागली. फ्लोरीनची संयुगे घातलेले मेण पाणी झटकून टाकी आणि वेग वाढवी. पण ती संयुगे निसर्गात सहजी नष्ट होत नाहीत. मेण लावणाऱ्या तंत्रज्ञांच्या रक्तातही ती नेहमीपेक्षा बरीच जास्त सापडली. अखेर २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यांवर बंदी आली. आता मोठा प्रश्न आहे तो हिमाचाच. तापमान वाढत आहे, तसे सखल भागात हिम कमी दिवस टिकते. काही ठिकाणी मागच्या हिवाळ्यातील हिमाचे ढीग लाकडाच्या भुशाखाली झाकून उन्हाळाभर सांभाळतात. एक किलोग्रॅम हिम वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते आणि भुसा ती आत शिरू देत नाही. आपल्याकडे बर्फाची लादी भुशात ठेवत, त्यातलेच हे शास्त्र!

करून पाहा : एका गुळगुळीत फळीवर लाकडाचा ठोकळा ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागताच थांबा. टोकाच्या उंचीला फळीच्या जमिनीवरील पायाच्या लांबीने भागा. हा झाला स्थितिक घर्षणांक. आता ठोकळ्याच्या तळाला मेणबत्ती घासून पुन्हा मोजा. शेवटी ठोकळा ओला करून मोजा. तिन्ही उत्तरे वहीत लिहा आणि त्यांत फरक का पडला, याचा विचार करा.