यंत्राला सोसायटी समजावून सांगताना

मेंटेनन्सच्या थकबाकीची आठवण, टाकी सफाईची सूचना, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस, गळतीच्या तक्रारीला उत्तर, रिकाम्या फ्लॅटची जाहिरात. गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीचं निम्मं काम लिखापढीचं असतं. ते बहुतेक वेळा नोकरी-धंदा सांभाळून, रात्री जेवणं उरकल्यावर आणि विनामोबदला केलं जातं. महाराष्ट्रात अशा संस्था लाखाहून अधिक आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत यातलं बरंचसं लिखाण एआयकडून करून घेतलं जाऊ लागलं आहे. मजकूर मिनिटभरात तयार होतो, शुद्धलेखन बरं असतं, सूर सभ्य असतो. तरीही नोटीस बोर्डावर लागली की कुणीतरी म्हणतंच, "हे आपल्या सोसायटीचं वाटत नाही."

तक्रार रास्त आहे. तिचं कारण समजून घेतलं तर त्यावरचा उपायही हाती लागतो. यंत्राला एकदाच, नीट विचार करून, लेखी सूचना देऊन ठेवणं हा तो उपाय.

रिकामी जागा भरण्याची खोड

आजची बहुतेक भाषिक एआय 'ट्रान्सफॉर्मर' नावाच्या रचनेवर चालतात. गूगलच्या संशोधकांनी ती २०१७ मध्ये मांडली. प्रचंड मजकूर वाचून अशी प्रणाली एकच गोष्ट शिकते: आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे काय येण्याची शक्यता जास्त आहे. त्या शक्यतेनुसार ती पुढचा तुकडा निवडते, तो मजकुराला जोडते आणि पुन्हा त्याच्या पुढचा निवडते. सगळी नोटीस अशीच, तुकड्यामागून तुकडा तयार होते.

आता "टाकी सफाईची नोटीस लिहून दे" एवढंच सांगितलं, तर काय होतं ते पाहा. असा मजकूर हाती येतो:

"सर्व सन्माननीय रहिवाशांना कळविण्यात येते की, इमारतीतील पाण्याच्या टाकीची स्वच्छता करण्याचे योजिले आहे. त्यामुळे सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

सकाळी १० ते सायंकाळी ५ ही वेळ कुणीच दिलेली नव्हती. पण अशा वाक्यात त्या ठिकाणी वेळ असते, म्हणून ती आली. कोणती विंग हे सांगितलेलं नव्हतं, म्हणून सरसकट 'इमारत' झाली. यंत्राला कुणाला फसवायचं नव्हतं. माहिती नसली तरी वाक्य पुरं करायची त्याची घडणच आहे. म्हणून त्याची चूक विचित्र दिसत नाही, अगदी शक्य कोटीतली वाटते. तिचा धोका यातच आहे. पाचव्या मजल्यावरच्या आजी त्या वेळेवर विसंबून पाणी भरतात किंवा भरायच्या राहतात.

दुसरी अडचण खोलवरची आहे. या प्रणालींनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आहे, आणि इमारतींच्या व्यवस्थापनावरच्या इंग्रजी मजकुरात अमेरिकेतल्या घरमालक-भाडेकरू पत्रव्यवहाराची रेलचेल आहे. तिथे व्यवस्थापन कंपनी मालकाच्या वतीने भाडेकरूला लिहिते. आपल्याकडे सेक्रेटरी सभासदाला लिहितो. सभासद संस्थेचा मालकच असतो आणि सेक्रेटरी त्याचा शेजारी. हे नातं सांगितलं नाही, तर थकबाकीच्या पत्रात 'लेट फी' येते, 'तत्काळ कारवाई'ची भाषा येते, कधी जागा खाली करण्याचा इशाराही डोकावतो. ज्यांच्याबरोबर उद्या गणपतीच्या मांडवात उभं राहायचं आहे, त्यांना असं पत्र जाऊ नये.

सूचना आत जाऊन काय करतात?

'चॅटजीपीटी'मध्ये कायमच्या सूचना लिहून ठेवण्याची सोय जुलै २०२३ मध्ये आली. आता बहुतेक प्रणालींमध्ये आणि इमारत-व्यवस्थापनाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्येही तशी जागा असते. तिथे लिहिलेल्या गोष्टी यंत्र शिकून घेतं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. त्या सूचना दर वेळी तुमच्या मागणीच्या आधी गुपचूप जोडल्या जातात आणि यंत्र त्या प्रत्येक वेळी नव्याने वाचतं. त्याच्या आतलं काहीच बदलत नाही. बदलतो तो आधीचा मजकूर. त्यामुळे पुढच्या प्रत्येक शब्दाची शक्यताही बदलते. 'तीन विंग, तीन वेगळ्या टाक्या' एवढं आधी लिहिलेलं असलं की नोटिशीत 'कोणती विंग' हा भाग येण्याची शक्यता एकदम वाढते.

सांगितलेलं ऐकण्याचा हा गुणही मुळात नव्हता, तो मुद्दाम घडवला गेला. २०२० चं 'जीपीटी-३' १७,५०० कोटी अंतर्गत आकड्यांवर चालत होतं, तरी ते सूचनेकडे दुर्लक्ष करून भलतीकडेच वाहत जाई. मग 'ओपनएआय'ने माणसांकडून उत्तरांची पसंती नोंदवून घेतली आणि त्या पसंतीवर प्रणालीला पुन्हा शिकवलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, अशा रीतीने शिकवलेल्या अवघ्या १३० कोटी आकड्यांच्या छोट्या प्रणालीची उत्तरं परीक्षकांना त्या अवाढव्य प्रणालीपेक्षा अधिक पसंत पडली. आकारापेक्षा सांगितलेलं समजून घेणं जास्त कामाचं ठरलं. म्हणून आता सांगणाऱ्यावर जबाबदारी आली आहे.

काय लिहावं?

सगळ्यात आधी नातं आणि वस्तुस्थिती. 'ही महाराष्ट्रातली सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. मजकूर सेक्रेटरीकडून सभासदांना जातो. सभासद मालक आहेत, भाडेकरू वेगळे. तीन विंग आहेत, ए, बी आणि सी. प्रत्येकीची गच्चीवरची टाकी वेगळी.' अशी चार-पाच वाक्यं पुरतात.

त्यानंतर नियम, आकड्यांसकट. आदर्श उपविधींनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेसाठी पूर्ण ५ दिवसांची. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस यात धरत नाहीत. म्हणजे सभा २७ सप्टेंबरला असेल, तर नोटीस उशिरात उशिरा १२ तारखेला निघायला हवी. यंत्र इथे सहज १३ तारीख सांगून मोकळं होतं आणि त्या एका दिवसावरून पुढे सभेच्या वैधतेचा वाद उपनिबंधकांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून नियम शब्दांत लिहा, सोबत हे उदाहरणही द्या आणि शेवटी कॅलेंडर काढून बोटाने मोजा.

थकबाकीचंही तसंच. उपविधींनुसार तिच्यावर सरळव्याज लागतं, चक्रवाढ नाही. दर तुमच्या संस्थेच्या मंजूर उपविधींतला लिहावा. फ्लॅट भाड्याने दिल्यास आकारलं जाणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. थकबाकी वसूल करायची तर उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळवण्याचा मार्ग सहकार कायद्यात आखून दिलेला आहे. हे सूचनेत लिहून ठेवलं की पाणी तोडण्याची धमकी किंवा मनाने ठरवलेला दंड पत्रात घुसत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. यंत्राला रिकामी जागा रिकामी ठेवायची मुभा द्या. 'मी न दिलेली तारीख, वेळ, रक्कम, नाव, कायद्याचं कलम स्वतःहून लिहू नकोस. तिथे चौकटी कंस ठेव आणि शेवटी रिकाम्या जागांची यादी दे.' नुसतं 'चुका करू नकोस' सांगून भागत नाही, कारण आपण चूक करतो आहोत हे यंत्राला कळत नाही. कंस ठेवणं ही मात्र त्याला जमणारी ठोस कृती आहे.

चौथी गोष्ट नमुने. 'भाषा चांगली ठेव' म्हटलं की यंत्राला सरकारी परिपत्रकाची भाषा आठवते, कारण त्याने वाचलेल्या मराठी नोटिशींत तीच जास्त आहे. त्यापेक्षा तुमच्या संस्थेत लोकांनी खरोखर वाचलेल्या दोन-तीन जुन्या नोटिशी सूचनांमध्ये चिकटवा. दाखवलेल्या मोजक्या नमुन्यांवरून रीत उचलण्याची या प्रणालींची क्षमता 'जीपीटी-३'वरच्या २०२० च्या शोधनिबंधातच ठळकपणे दिसली होती. सूर शब्दांत सांगणं अवघड, दाखवणं सोपं.

या सूचना दिल्यावर सेक्रेटरीने पुन्हा लिहिलं, "८ ऑगस्टला, शनिवारी सकाळी १० पासून बी विंगची टाकी साफ होणार, नोटीस दे." या वेळी आलेला मजकूर असा:

"बी विंग: टाकी सफाई, शनिवार, ८ ऑगस्ट. सकाळी १० पासून [वेळ] पर्यंत बी विंगच्या नळांना पाणी येणार नाही. त्याआधी पाणी भरून ठेवावं. ए आणि सी विंगचं पाणी नेहमीप्रमाणे सुरू राहील. ज्येष्ठ सभासदांना मदत लागल्यास वॉचमनना सांगावं. भरायच्या जागा: पाणी पुन्हा सुरू होण्याची वेळ."

त्या एका कंसामुळे सेक्रेटरीला टाकी धुणाऱ्या ठेकेदाराला फोन करावा लागला. तो फोन एरवी राहून गेला असता.

किती लिहावं?

नियम सुचत जातात आणि यादी वाढत जाते. इथे आवर घालायला हवा. २०२३ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं, की लांबलचक मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती या प्रणाली नीट वापरतात, मधली मात्र त्यांच्या हातून निसटते. म्हणून नातं सुरुवातीला, कंसाचा नियम शेवटी आणि मध्ये मोजकंच. एकमेकांना छेद देणाऱ्या सूचना शोधून काढा. 'थोडक्यात लिही' आणि 'सगळा तपशील दे' या दोन्ही असतील, तर यंत्र कधी एक पाळेल, कधी दुसरी.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण. यंत्र शब्द जसेच्या तसे वाचत नाही, त्यांचे तुकडे करून वाचतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं, रोमन अक्षर एकच. तुकडे पाडण्याच्या पद्धती इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून बनल्या, त्यामुळे एकाच आशयाला मराठीत तुकडे जास्त लागतात. २०२३ च्या एका अभ्यासात काही भाषांच्या बाबतीत हा फरक १५ पटींपर्यंत आढळला. नव्या प्रणालींत तो कमी होतो आहे. तरी मराठी सूचना सुटसुटीत असलेली बरी, आणि यंत्र त्या पाळतं की नाही हे आठ-दहा खऱ्या नोटिशी लिहवून घेऊन तपासलेलं बरं.

जाहिरातीत कोण वगळलं जातं?

भाड्याच्या जाहिरातीत सूचनांचं महत्त्व नैतिक होतं. अमेरिकेत १९६८ च्या 'फेअर हाउसिंग ॲक्ट'ने वंश, धर्म यांवरून पसंती दाखवणाऱ्या घरांच्या जाहिरातींवर बंदी घातली. १९८८ मध्ये लहान मुलं असलेल्या कुटुंबांनाही तिचं संरक्षण मिळालं. त्यामुळे तिथल्या व्यवस्थापकाला 'तरुण जोडप्यासाठी उत्तम' असं निरागस दिसणारं वाक्यही महागात पडू शकतं, आणि यंत्र ते सहज लिहून जातं, कारण जुन्या जाहिरातींत ते त्याने वाचलेलं असतं. आपल्याकडच्या जाहिरातींत 'फक्त अमुक समाजासाठी', 'बॅचलर नको' हे सर्रास दिसतं. जे सर्रास दिसतं तेच यंत्र पुढे चालवतं. एका ओळीची सूचना हे थांबवू शकते: 'घराचं वर्णन कर, तिथे कोणी राहावं याचं नको.' जोडीला आणखी एक: 'क्षेत्रफळ दिलं असेल तरच लिही, आणि ते कार्पेट आहे का हे विचार.' नव्या प्रकल्पाची जाहिरात असेल, तर महारेरा नोंदणी क्रमांक लागतोच आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. हे दोन्ही माणसानेच तपासून टाकायचे.

आणि एक पथ्य सूचनेबाहेरचं. थकबाकीदारांची नावं, फोन नंबर, भाडेकरूंची आधार कार्डं यंत्रापुढे टाकू नयेत. 'फ्लॅट क्रमांक [ ]' असं लिहून मसुदा घ्यावा, नाव नंतर आपल्या हाताने भरावं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच. त्याहून आधी शेजाऱ्याचा विश्वास आहे.

सूचनांचं हे पान सेक्रेटरीच्या खासगी मोबाइलमध्ये राहू नये, असं मला मनापासून वाटतं. संस्था आपल्या माणसांशी कशी बोलणार, हे त्या पानावर ठरतं. म्हणून ते व्यवस्थापक समितीच्या बैठकीपुढे ठेवावं, त्यावर चर्चा व्हावी, इतिवृत्तात नोंद व्हावी आणि उपविधी बदलले की तेही बदलावं. समिती बदलली, तर नव्या सेक्रेटरीच्या हाती चाव्यांबरोबर ते पान द्यावं. हे पान लिहायला बसल्यावर अनेक संस्थांना पहिल्यांदाच कळेल, की गळतीची तक्रार किती दिवसांत पाहायची, पार्किंगच्या वादात पहिला शब्द कुणाचा, हे आपण कधी ठरवलेलंच नाही. ते यंत्राकडून ठरवून घेता येणार नाही. समितीने ठरवावं, मग लिहावं आणि नोटिशीवर सही करण्याआधी ती एकदा मोठ्याने वाचून पाहावी.