पऱ्हाटीवर उतरायचं तर

फवारणीचं विमान पिकाच्या शेंड्यांपासून जेमतेम तीन-चार मीटरवर उडतं. उंचावर इंजिन बंद पडलं तर वैमानिकाला जागा शोधायला वेळ मिळतो. इथे तो वेळ नसतो. असतो फक्त वेग. त्या वेगाच्या जोरावर वैमानिक विमान थोडं वर खेचतो, टाकीतलं औषध एकदम सोडून वजन उतरवतो, लगेच नाक खाली करतो आणि समोर जे येईल तिथे टेकवतो. मागे वळण्याचा मोह जिवावर बेततो. ६० अंश कलून वळताना, ज्या वेगाखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेगच ४१ टक्क्यांनी वाढतो.

वर्धा जिल्ह्यात समोर काय येईल? फवारणीचा हंगाम ऐन पावसाळ्याचा. देवळी-हिंगणघाटकडची काळी माती तेव्हा लोण्यासारखी मऊ असते. चाक रुतलं की विमान नाकावर पालथं होणार. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर गेलेली, मधूनमधून तुरीच्या ओळी, धुऱ्यावर बाभळी, कठडा नसलेल्या विहिरी आणि कृषिपंपांकडे गेलेल्या विजेच्या तारा. उन्हाळ्यात तेच वावर टणक आणि मोकळं असतं, पण तेव्हा फवारायला पीकच नसतं. जमिनीचे तुकडे लहान, शेजारच्या दोन वावरांत पिकं वेगळी. विमानाने फवारणीचा हिशेब इथे जुळणं अवघडच.

विमानातून औषध टाकण्याचा पहिला प्रयोग १९२१ साली अमेरिकेत ओहायोमध्ये झाला, तो झाडांवरच्या अळ्यांसाठी. पण या धंद्याला बळ दिलं कपाशीनेच, तिथल्या बोंडांवरच्या सोंड्याने. पुढे किती वैमानिक तारांत आणि बांधांवर गेले! १९५० मध्ये अभियंते फ्रेड वाइक यांनी टेक्सासमध्ये ‘एजी-१’ हे फवारणीचं विमान उडवलं, ते अपघात होणारच हे धरून बनवलेलं. वैमानिक उंच बसलेला, त्याला घट्ट बांधणारे पट्टे. पुढच्या ‘पायपर पॉनी’त इंजिन आणि औषधाची टाकी त्याच्या पुढ्यात होती, आदळल्यावर आधी ती चेपावीत, माणूस नंतर. मला हा विचार फार मोठा वाटतो. आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं ‘बसंत’ही एका वैमानिकाचं, उंच कॉकपिटचं विमान. ते मार्च १९७२ मध्ये उडालं, १९८० पर्यंत ३९ विमानं बांधली आणि उत्पादन थांबलं.

मे २०२० मध्ये टोळधाड अमरावतीतून वर्ध्याच्या आष्टी तालुक्यात आणि पुढे काटोलकडे गेली, तेव्हा औषध मारायला अग्निशमन दलाचे बंब आणि ट्रॅक्टरवरचे पंप धावले. राजस्थानात त्याच वर्षी टोळांवर फवारायला हेलिकॉप्टर वापरलं.

एरवी विदर्भात फवारणी होते ती माणसाच्या पाठीवरून. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती. औषध वर मारायचं आणि ते तोंडावर परतायचं. वाइकनी विमानातल्या माणसासाठी जे केलं, ते पाठीवर पंप घेतलेल्या माणसासाठी कुणी केलं नाही.

ड्रोनने फवारताना माणूस धुऱ्यावर उभा राहतो, म्हणून मी ड्रोनच्या बाजूने आहे. २०२३ मध्ये केंद्राने १५,००० महिला बचतगटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. मोटार मात्र त्याचीही बंद पडते. चार पंख्यांच्या ड्रोनचा एक पंखा थांबला तर तो सहसा कोसळतो. सहा पंख्यांचा सावरून खाली येऊ शकतो. एक पंखा थांबला तर काय, हा प्रश्न खरेदीच्या वेळी ठासून विचारायला हवा. प्रशिक्षणात सपाट मैदानाबरोबर चिखलाचं वावर आणि डोक्यावरच्या ताराही हव्यात. आणि पडलेल्या ड्रोनकडे आधी धावतो तो शेजारच्या वावरातला माणूस. पंखे अजून फिरत असू शकतात, लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते, फुटल्या टाकीतलं औषध पायाला लागतं. फवारणीच्या आदल्या दिवशी त्याच्याही घरी जाऊन हे सांगायला हवं.