मान्ना, आमेन आणि बेइमान

शब्दांच्या मुळाशी : लेखांक सातवा

गंगापूर परिसरात रविवारी चर्चमधली प्रार्थना 'आमेन'वर संपते, शुक्रवारी मशिदीतली दुआ 'आमीन'वर. आणि कापसाच्या मापावरून बोलाचाली झाली, की बांधावरचा शेतकरी, मग तो कुठल्याही धर्माचा असो, छातीवर हात ठेवून म्हणतो, "इमानानं सांगतो!" तिघांच्या तोंडी शब्द एकाच मुळाचा आहे, हे तिघांनाही सहसा ठाऊक नसतं.

मूळ तीन अक्षरांचं : आलेफ, मेम, नून. हिब्रू आणि अरबी या सख्ख्या बहिणी, त्यामुळे हे मूळ दोघींकडे आहे. अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत इमान आलं, अमानत आली, अमीन आला. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत गंगापूरचा हा परिसर निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, तेव्हा असे शब्द इथल्या बोलीत जरा जास्तच मुरले. 'आमेन' मात्र थेट हिब्रूचा. त्याच मुळापासून हिब्रूत 'एमुना' होतो. मराठीत त्याचं भाषांतर 'विश्वास' असं करतात आणि घोटाळा तिथेच होतो.

'विश्वास' हा शब्द श्वासातून आला आहे. ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो, त्याच्यावर विश्वास. हिब्रू शब्दात मात्र श्वास नाही, खुंटा आहे. घट्ट रोवलेलं, न हलणारं, भार पेलणारं, असा त्या मुळाचा अर्थ. तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन फिरणारा तो 'ओमेन'. निर्गमच्या 17व्या अध्यायात अमालेकी लोकांशी लढाई चालली असताना मोशेचे हात दुखून खाली येऊ लागतात. अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरतात आणि सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहतात. त्या 'स्थिर'साठी मूळ शब्द आहे एमुना! मनातल्या मान्यतेचा इथे प्रश्नच नाही. दुखऱ्या खांद्यांचा आहे.

आता हा खुंटा जिथे पारखला जातो, त्या देवाच्या पुरवठ्याकडे. मोशेबरोबर वाळवंटात फिरणाऱ्या इस्राएल लोकांना सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर बारीक, पांढरं काहीतरी पसरलेलं दिसतं. लोक एकमेकांना विचारतात, "मान हू?" म्हणजे "हे काय आहे?" त्या प्रश्नाचंच नाव होऊन बसलं : मान, आपल्या बायबलमधला मान्ना. देवाने दिलेल्या अन्नाचं नाव म्हणजे न सुटलेलं कोडं, ही गंमत भाषांतरात हरवते. वर्णन मात्र अगदी घरगुती आहे. दाणा धन्यासारखा, चव मधाच्या पोळीची. लोक तो गोळा करत, जात्यावर दळत किंवा उखळात कुटत, भांड्यात शिजवत. माणशी माप एक ओमेर, सुमारे दोन लिटर. जास्त वेचणाऱ्याकडे उरलं नाही, कमी वेचणाऱ्याला कमी पडलं नाही. दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवलेल्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि तेवढं टिके, कारण सातवा दिवस शब्बाथचा, विश्रांतीचा.

कणगी भरल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, अशा कोरडवाहू शेतकऱ्याला हा नियम अवघडच वाटावा. पाऊस दगा देणाऱ्या मुलखात साठवण हा शहाणपणा असतो. कथेतल्या लोकांनाही तो अवघड गेला. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं, काही सातव्या दिवशीही टोपली घेऊन निघाले. हिब्रू शास्त्रातला अविश्वास हा असा दिसतो. देव नाही, असं त्यातला कुणीही म्हणत नाही. हलतो तो खुंटा. म्हणून 'नास्तिक'पेक्षा आपला 'बेइमान' हा शब्द मुळाच्या अधिक जवळचा.

आणखी एक शब्द. मोरिया डोंगरावर अब्राहाम जागेला नाव देतो 'याव्हे-यिरे'. क्रियापद आहे 'राआ', म्हणजे पाहणे. पुरवणे हा अर्थ त्यातूनच येतो. इंग्रजी भाषांतर वाचणाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं, मराठी माणसाला नाही. 'काळजी नको, मी बघतो' असं म्हणणारा काका नुसता बघत बसणार नसतो, हे कोणत्याही पुतण्याला कळतं.

सगळ्यात धारदार प्रसंग गणनाच्या 11व्या अध्यायात आहे. लोक मांस मागतात. देव महिनाभर देण्याचं कबूल करतो आणि हिशेब मांडून शंका काढतो तो खुद्द मोशे : पायदळच सहा लाख, गुरंमेंढरं कापली तरी पुरतील का? समुद्रातले सगळे मासे धरले तर? त्यावर देवाचा प्रतिप्रश्न असा, की माझा हात आखूड झाला काय. मराठीत 'हात आखडता घेणे' आहेच. पुढे 20व्या अध्यायात खडकापाशी मोशे आणि अहरोन यांना विश्वास न ठेवल्याचा ठपका मिळतो, तो याच आलेफ-मेम-नूनच्या क्रियापदात. ज्याचे हात एके काळी एमुना होते, त्याला वचनाच्या देशात पाऊल टाकता आलं नाही.

हे शब्द मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचं नाव वेगळं घ्यावं लागतं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या शेकडो मुलींना त्यांनी सांभाळलं आणि उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. 1922 मध्ये त्या वारल्या, भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. भूक पुस्तकात वाचलेली आणि भूक घरात पाहिलेली, यांत फरक असतो. मान्नाच्या ओळी लिहिताना रमाबाईंच्या बाजूला दुसरी भूक होती.

त्याआधीच कोकणातल्या बेने इस्राएल समाजासाठी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं होतं. अलिबागच्या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणाऱ्या या मराठी यहुद्यांनी शब्बाथची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, गिऱ्हाईक दारात असो वा नसो. शेजाऱ्यांनी त्यांना नावच ठेवलं 'शनिवार तेली'.

घरात जुनं बायबल असेल, तर गणनाचे 11वा आणि 20वा हे दोन अध्याय या आठवड्यात एका बैठकीत वाचून ठेवावेत. पुढच्या लेखांकात 'हेसेद' हा शब्द घेताना ते लागतील.