मनाची जखम आणि डोळ्यांची हालचाल

(द्वितीय वर्ष, कला)

पायात काटा रुतला तर तो दिसतो, काढताही येतो. मनात रुतलेला काटा दिसत नाही. म्हणून तो आहे, हेच पुष्कळांना पटत नाही. आमच्या गावी एखादा माणूस अपघातानंतर गप्प राहू लागला, रात्री दचकून उठू लागला, की कोणी अंगारा लावतो, कोणी 'विसरून जा' म्हणून सांगतो. विसरणे त्याच्या हाती असते तर तो केव्हाच विसरला असता! मानसशास्त्राच्या अभ्यासात या दुखण्यावरच्या एका निराळ्या उपचाराची ओळख झाली. ती सोप्या शब्दांत करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

प्रथम हे दुखणे काय ते पाहू. माझे मामा ट्रकवर क्लीनर होते. चार वर्षांपूर्वी घाटात ट्रक उलटला आणि ड्रायव्हर जागीच गेला. आजही डिझेलचा वास आला की मामांचे हात कापतात. साधी आठवण काळाबरोबर फिकी होते. ही होत नाही. तो प्रसंग जणू आत्ताच घडत आहे, असे शरीराला वाटत राहते. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांत ही लक्षणे मोठ्या प्रमाणावर आढळली. पुढे १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या विकारसूचीत त्याला स्थान दिले. पी.टी.एस.डी., म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, असे त्याचे नाव. म्हणजे हा मनाचा कच्चेपणा नसून रीतसर आजार आहे.

१९८७ साली फ्रान्सिन शापिरो ही अमेरिकन संशोधक एका बागेत फिरत होती. मनात त्रासदायक विचार चालले होते. डोळे आपोआप भराभर इकडून तिकडे फिरत असताना त्या विचारांची धार कमी होते, असे तिच्या ध्यानात आले. फिरताना असा अनुभव पुष्कळांना येत असेल. तिने मात्र त्याचा पाठपुरावा केला आणि १९८९ साली आपले पहिले संशोधन प्रसिद्ध केले. त्यातूनच 'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग', थोडक्यात ई.एम.डी.आर., ही पद्धत उभी राहिली.

या पद्धतीचे आठ टप्पे आहेत. आधी रुग्णाची सर्व माहिती घेतात आणि मन शांत करण्याचे उपाय शिकवतात. मग त्या प्रसंगातले सर्वांत बोचणारे चित्र आणि त्याला चिकटलेला विचार (उदाहरणार्थ, 'चूक माझीच') निवडतात. त्रास किती, हे शून्य ते दहा या मापाने रुग्णच सांगतो. नंतर ते चित्र मनात धरून, तज्ज्ञाच्या डावीकडून उजवीकडे हलणाऱ्या बोटांमागे तो डोळे फिरवतो. थोडा वेळ झाला की थांबून विचारतात, 'आता काय जाणवते?' त्रासाचा आकडा खाली येईपर्यंत हे चालते. शेवटी 'मला जे शक्य होते ते मी केले' असा विचार पहिल्याच्या जागी दृढ करतात. ही मोहिनीविद्या नव्हे. रुग्ण पूर्ण जागा असतो. विशेष म्हणजे घडलेले सारे तपशीलवार सांगण्याची सक्ती त्याच्यावर नसते. ज्यांच्या तोंडून शब्दच फुटत नाही, त्यांना हा केवढा आधार!

डोळे हलवल्याने मन कसे हलके होते? एक उपपत्ती अशी : आपल्या तात्पुरत्या स्मृतीची जागा थोडी असते. आठवण धरणे आणि डोळे फिरवणे ही दोन्ही कामे एकदम आली, की आठवणीला पुरती जागा मिळत नाही. ती पुसट होते आणि तशीच पुन्हा साठवली जाते. सर्व तज्ज्ञांना मात्र हे मान्य नाही. प्रसंगाला सुरक्षित वातावरणात सामोरे जाणे हेच खरे औषध, डोळ्यांचा वाटा थोडा, असे काहींचे मत आहे. वाद कारणाविषयी आहे. गुण येतो, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या विकारासाठी ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत हाही आहे.

२६ जानेवारी २००१ च्या गुजरातमधील भूकंपानंतर आपल्या देशातही ही पद्धत भूकंपग्रस्तांसाठी वापरली गेली. तरीही खेड्यातल्या माणसाला असा प्रशिक्षित तज्ज्ञ सहजी भेटत नाही. हा प्रयोग घरच्या घरी करण्याजोगाही नाही. अर्धवट उघडलेली जखम अधिक चिघळते. मग आपण काय करावे? निदान अशा माणसाला 'भित्रा' म्हणू नये. त्याला जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात न्यावे, किंवा सरकारच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलते करावे. तेथे मराठीतही बोलता येते.

मोडलेल्या हाताला प्लास्टर घालताना आपण लाजत नाही. मनाला इजा झाली तरी तेवढेच सरळपणे दवाखान्याची वाट धरावी, एवढेच माझ्या वाचकबंधुभगिनींना सांगणे आहे.