रुपयाचें चिन्ह लिहितांना

समजा, शुक्रवार पेठेंतील एखाद्या व्यापाऱ्यानें चादरींचें दरपत्रक संगणकावर लिहून परगांवीं धाडलें. त्याच्या पडद्यावर रुपयाचें चिन्ह चोख दिसतें. गिऱ्हाइकाला मात्र आंकड्याआधीं बारीकशी तिरपी रेघ तेवढी दिसते. असें कां व्हावें?

भारत सरकारनें १५ जुलै २०१० रोजीं डी. उदयकुमार ह्यांनीं रेखाटलेलें ₹ हें चिन्ह स्वीकारलें. देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा गाळलेला रोमन ‘आर’ ह्यांचा तो मिलाफ होय. परंतु जगांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतींत त्यास स्थान मिळालें तें ऑक्टोबर २०१० मध्यें. तेवढाही धीर न धरवून कांहीं उत्साही मंडळींनीं फाँट काढले व त्यांत टॅबच्या वरील कळीवरच्या तिरप्या रेघेलाच रुपयाचा वेष चढविला. तो फाँट जेथें नाहीं तेथें वेष गळून पडतो आणि रेघ उघडी पडते.

म्हणून चिन्ह घालावें तें त्याच्या खऱ्या क्रमांकानें. वर्डमध्यें ‘इन्सर्ट’खालील ‘सिंबल’ उघडून तें निवडतां येतें. अथवा २०बी९ असें टंकून ऑल्ट व एक्स ह्या कळा एकदम दाबाव्या. हे आंकडे मात्र रोमनच हवेत. ‘शेप्स’मधील आकृतींची गोष्ट निराळी. तीं चित्रें, अक्षरें नव्हेत. शिफ्ट दाबून ओढल्यास वर्तुळ सुबक येतें खरें, पण चित्रानें सजविलेला रुपया मजकुरांत शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. फार जुन्या संगणकावर खरा क्रमांकही रिकामी चौकट दाखवितो, तेथें ‘रु.’ लिहिलेलें बरें.