हिमगाडीचा पट्टा आणि त्याच्या कप्प्या

कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट हे गाव आहे. तेथील रस्ते पूर्वी हिवाळाभर बर्फाखाली गडप होत. १९३४ च्या हिवाळ्यात जोझेफ-आर्मां बोंबार्दिए या तेथील यंत्रकुशल तरुणाचा लहान मुलगा उदरावरणाच्या दाहाने दगावला; त्याला वेळेवर रुग्णालयात नेईल असे वाहनच नव्हते. बर्फावरून धावणाऱ्या वाहनाचा ध्यास बोंबार्दिएला त्यापूर्वीच लागलेला होता. पुढे १९५९ साली त्याच्या कारखान्यातून ‘स्की-डू’ ही हलकी हिमगाडी बाहेर पडली.

अशा प्रदेशात गाडी वाटेत थांबणे ही नुसती गैरसोय नव्हे. आणि पुष्कळदा ती थांबते ती दोन बोटे रुंदीच्या एका रबरी पट्ट्यापायी.

एंजिनाची शक्ती हा पट्टा दोन कप्प्यांमधून पुढे नेतो. प्रत्येक कप्पी समोरासमोर बसविलेल्या दोन उतरत्या तबकड्यांची बनलेली असते. एंजिन संथ चालते तेव्हा पहिल्या कप्पीच्या तबकड्या दूर असतात व पट्टा सैल राहतो. वेग वाढला की कप्पीतील वजने बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात आणि पट्टा चिमटला जाऊन कडेकडे चढू लागतो. त्याच वेळी दुसऱ्या कप्पीत तो स्प्रिंगचा विरोध मोडून आत उतरतो. भारतातील गिअररहित स्कूटरही याच तत्त्वावर चालतात. सारा व्यवहार घर्षणाच्या पकडीवर चालतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील गोष्टींचे मर्म उमगते.

पट्टा तुटला की दोष पट्ट्यालाच दिला जातो. वस्तुतः तो बहुधा साक्षीदार असतो. एंजिन बंद करून, ते निवल्यावर, कप्प्यांवरील संरक्षक झाकण काढावे व पट्टा वाकवून पाहावा. दात्यांच्या तळाशी चिरा, सुटलेले धागे व चकाकणाऱ्या कडा ही झिजेची लक्षणे होत. रुंदी मापून ती निर्मात्याने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावी. पट्टा एकाच जागी अरुंद झालेला असेल, तर मागचा साखळपट्टा बर्फात गोठून अडकला असता कोणीतरी एंजिन जोराने फिरविले आहे, असे समजावे. अशा वेळी नवा पट्टा आणूनही उपयोग नाही; निघण्यापूर्वी गाडीचा मागचा भाग उचलून साखळपट्टा मोकळा करण्याची सवय लावावी लागते. एकच कड झिजली असेल, तर दोन्ही कप्प्या एका रेषेत नाहीत. त्याचे मूळ कधीकधी एंजिन बसविलेल्या बोल्टांत सापडते. ते ढिले झाले की पट्ट्याच्या ओढीनेच एंजिन सरकते.

तबकड्यांवर साचलेली रबराची काळी पुटे स्पिरिटने भिजविलेल्या फडक्याने पुसावीत. यंत्राची निगा म्हणजे तेलपाणी, ही समजूत सर्वत्र आढळते; येथे मात्र तबकडीवरील तेलाचा थेंबही पकड घालवितो. बोटाला चर लागले, तर कप्पी जाणकाराला दाखवावी.

पहिली कप्पी एंजिनाच्या निमुळत्या दांड्यावर एका लांब बोल्टाने आवळलेली असते. हा बोल्ट ढिला पडला की कप्पी दांड्यावर किंचित हलत राहते, दांडा खरवडला जातो आणि काही क्षणांच्या आळसापायी एंजिन उघडण्याची पाळी येते. अदमासे आवळणेही बरे नव्हे, कारण अतिरिक्त बळाने बोल्ट ताणला जातो. म्हणून पिळाचे बळ मोजणारा पाना वापरून पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंतच तो आवळावा. कप्पी पुन्हा बसविताना दांडा स्वच्छ व कोरडा असावा. थोडी रपेट झाल्यावर बोल्ट परत तपासावा. कप्पी काढताना हातोडा न मारता तिच्यासाठी असलेले ओढणयंत्रच लावावे.

पट्टा काढलेला असताना किंवा झाकण उघडे असताना एंजिन कधीही चालवू नये. भार नसलेली कप्पी अनावर वेगाने फिरून फुटू शकते व तिचे तुकडे गोळीसारखे उडतात.

जुना पट्टा परत घालताना पूर्वीचीच फिरण्याची दिशा राखावी. नवा असेल तर पहिली रपेट संथ ठेवावी. एक जादा पट्टा पेटीत असावाच. मात्र तो बदलण्याचा सराव हिमवर्षाव सुरू होण्यापूर्वी घरीच, हातमोजे घालून, करून ठेवावा.