कर्णधार कोण, आधार कोण?

कबड्डीत मैदानावर सात खेळाडू, चढाईला तीस सेकंद. वस्तीतल्या मुलांचा संघ आम्ही संध्याकाळी खेळवतो. डाव्या कोपऱ्यावरचा मुलगा सामन्याआधी थरथरायचा. भित्रा समजून आम्ही त्याला बाहेर बसवले. तीच आमची चूक! कर्णधार ओरडत राहिला, पण साखळी तुटत गेली. बाद झालेल्याच्या पाठीवर हात ठेवणारा, पकडीआधी डोळ्याने इशारा करणारा तोच होता.

स्वभावातली चिंता वेगळी आणि प्रसंगापुरती वेगळी, हे मानसशास्त्रज्ञ स्पीलबर्गर यांनी १९६६ मध्ये मांडले. थरथरणारा प्रत्येक मुलगा भित्रा नसतो.

आम्ही त्याला परत घेतले. पालक बंधुभगिनींनो, मुलाला निघताना 'हरून येऊ नकोस' म्हणू नका. 'खेळून ये' म्हणा. कर्णधार आपण नेमतो, आधार मात्र मुलेच निवडतात.